प्रारंभन, मोटारगाडीच्या एंजिनाचे

थांबलेल्या अंतर्ज्वलन-एंजिनाला (ज्यात इंधनाचे ज्वलन सिलिंडराच्या आतच होते अशा एंजिनाला) बाहेरून गती देऊन ते स्वतःच्या शक्तीवर चालू लागेल अशा अवस्थेला आणण्याच्या क्रियेला प्रारंभन म्हणतात. वाफेच्या एंजिनात बाष्पित्रातील वाफ दट्ट्यावर सोडली की एंजिन फिरू लागते. विद्युत् चलित्राला प्रवाह मिळताच ते फिरते. अंतर्ज्वलन-एंजिन मात्र आधी कोणी फिरविल्याशिवाय फिरत नाही. त्याच्या या स्वाभाविक उणिवेमुळे मोटारगाडीच्या इतिहासात प्रारंभनाची समस्या पहिल्या गाडीपासूनच उभी राहिली. प्रथम माणसाच्या बाहुबलाने, पुढे घटमालेतील विजेने आणि घटमाला निकामी झाल्यास दुसऱ्या गाडीकडून उसन्या घेतलेल्या विजेने ही समस्या सोडविण्यात आली. प्रत्येक टप्प्यावर श्रम कमी झाले, तथापि धोका पूर्णपणे नाहीसा झाला नाही. तो हाताच्या दांड्याकडून घटमालेच्या बंद पेटीकडे गेला. प्रारंभनाच्या आजच्या सुरक्षा नियमांमागील कारणे या इतिहासातूनच स्पष्ट होतात.

तत्त्व : चार धावांच्या एंजिनात शोषण, संपीडन (वायू दाबून त्याचे आकारमान कमी करण्याची क्रिया), ज्वलन-प्रसरण आणि निष्कास अशा चार क्रिया क्रमाने घडतात. यांपैकी फक्त तिसऱ्या क्रियेत शक्ती मिळते. पहिल्या दोन क्रियांना लागणारी ऊर्जा चालू एंजिनात प्रचक्रात (भुजादंडावर बसविलेल्या जड चाकात) साठलेली असते. थांबलेल्या एंजिनात असा साठा नसल्याने ती बाहेरून पुरवावी लागते. पेट्रोल एंजिन सुरू होण्यासाठी भुजादंड मिनिटाला किमान सु. ५० ते १०० फेरे इतक्या वेगाने फिरवावा लागतो. डीझेल एंजिनात केवळ संपीडनाच्या उष्णतेने इंधन पेटत असल्याने अधिक वेग आणि पुष्कळच अधिक पीळ लागतो. थंडीत वंगण घट्ट होते व इंधनाचे बाष्पीभवन मंदावते. त्यामुळे जेव्हा एंजिन फिरविणे सर्वांत कठीण, तेव्हाच ते अधिक वेळ फिरवावे लागते.

हाताने प्रारंभन : कार्ल बेंट्स (१८४४–१९२९) यांच्या १८८६ साली पेटंट मिळालेल्या तीनचाकी गाडीचे मोठे प्रचक्र आडवे बसविलेले होते व ते हाताने फिरवून एंजिन सुरू करीत. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंट्स (१८४९–१९४४) यांनी आपल्या दोन मुलांसह मॅनहाइम ते फोर्ट्सहाइम हा सु. १०५ किमी.चा प्रवास याच प्रकारच्या गाडीने केला. दूरच्या अंतराचा हा पहिला मोटारप्रवास समजला जातो. त्या गाडीचे एंजिन एका सिलिंडराचे व अश्वशक्तीने अगदी लहान असल्याने प्रचक्र फिरविणे शक्य होते. एंजिने मोठी होत गेली तशी ही रीत मागे पडली आणि गाडीच्या पुढच्या बाजूने भुजादंडात अडकवून फिरविण्याचा वाकडा लोखंडी दांडा सर्वत्र वापरात आला.

या दांड्याने एंजिन सुरू करणे हे केवळ श्रमाचे नव्हे, तर जोखमीचे काम होते. ठिणगी पडण्याची वेळ त्या काळी चालकाला एका तरफेने पुढे-मागे करावी लागे. ही तरफ ‘उशिरा’ या स्थितीत आणण्यास तो विसरला, तर दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच मिश्रण पेटे व भुजादंड उलट दिशेने झटक्यात फिरे. हा उलट झटका दांड्यावाटे मनगटावर येऊन हाड मोडत असे. अंगठ्याच्या बाजूला मनगटाजवळ होणाऱ्या एका विशिष्ट अस्थिभंगाला वैद्यकात ‘शोफरचा अस्थिभंग’ हे नाव पडले ते यामुळेच. त्याचे वर्णन मोटारगाडीपूर्वीच झालेले होते. परंतु तो व्यवसायजन्य म्हणून ओळखला जाऊ लागला तो या दांड्यामुळे. गाडी चुकून गतीच्या दंतचक्रात राहिली असल्यास एंजिन सुरू होताच ती समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येई, हा दुसरा धोका होता.

अनुभवाने काही नियम ठरले. दंतचक्रे तटस्थ स्थितीत आणावीत, ठिणगी उशिरा पडेल अशी तरफ लावावी, अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा आणि दांडा खालून वर ओढावा, वरून खाली दाबू नये. वर ओढताना उलट झटका बसल्यास बोटे आपोआप सुटतात. खाली दाबताना मात्र शरीराचा भार हातावर असल्याने तो सुटत नाही. यंत्रात बदल न करता केवळ कृतीचा क्रम व हाताची ठेवण बदलून इजा टाळता येते, हे या नियमांनी दाखवून दिले. पुढे घटमालेच्या बाबतीतही हेच तत्त्व उपयोगी पडले.

या अडचणीमुळे पेट्रोलची गाडी ही सुरुवातीला सर्वांत लोकप्रिय गाडी नव्हती. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या ४,१९२ गाड्यांपैकी १,६८१ वाफेवर व १,५७५ विजेवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलच्या गाड्या केवळ ९३६ होत्या. विजेवरील गाडी कळ दाबताच निघत असल्याने शहरांतील स्त्रिया व डॉक्टर तिला पसंती देत. पेट्रोलच्या गाडीचा जगभर प्रसार करणारे हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा फोर्ड यादेखील ‘डिट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही विजेची गाडी वापरीत. प्रारंभनाचा प्रश्न हा अशा रीतीने मोटारगाडी कोणी चालवावयाची याचाही प्रश्न होता.

पर्यायांचा शोध : दांड्याला पर्याय म्हणून अनेक युक्त्या योजण्यात आल्या. स्प्रिंगेला पीळ देऊन ठेवणे, टाकीतील संपीडित हवा सिलिंडरात सोडणे, सिलिंडरात ॲसिटिलीन वायू सोडून ठिणगीने पेटविणे इ. पद्धतींची यंत्रे काही गाड्यांवर बसविलीही गेली. पण ती अवजड, गळकी किंवा बेभरवशाची ठरली. विजेचा वापर ही कल्पनाही नवी नव्हती. इंग्लंडमध्ये एच्. जे. डाउझिंग यांनी १८९६ साली एका ‘आर्नल्ड’ गाडीवर विद्युत् प्रारंभक बसविला होता, तर अमेरिकेत क्लाइड कोलमन यांना १९०३ साली अशा प्रारंभकाचे पेटंट मिळाले. अडचण होती ती आकारमानाची. एंजिनाला सतत फिरवू शकेल एवढे चलित्र व त्याला पुरेल एवढी घटमाला यांचे वजन गाडीला पेलण्याजोगे नव्हते.

केटरिंग यांचा प्रारंभक : ही अडचण चार्ल्स फ्रँक्लिन केटरिंग (१८७६–१९५८) या अमेरिकन अभियंत्यांनी दूर केली. ओहायओ राज्यातील डेटन येथे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना त्यांनी दुकानातील पैसे नोंदविण्याच्या यंत्रासाठी लहान विद्युत् चलित्र तयार केले होते. यंत्राचा गल्ला उघडण्यास क्षणभरच जोर लागत असल्याने हे चलित्र त्या क्षणापुरते त्याच्या नेहमीच्या क्षमतेपलीकडे चालविले तरी तापून बिघडत नसे. मोटारगाडीचे एंजिनही काही सेकंदच फिरवावे लागते. म्हणजे तेथेही लहान चलित्र अल्पकाळ अतिभारित करून काम भागेल, हे त्यांच्या ध्यानी आले. केटरिंग यांचे खरे योगदान नव्या यंत्रभागात नसून या विचारात आहे.

१९०९ मध्ये एडवर्ड डीड्स यांच्यासह त्यांनी डेटन एंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी (डेल्को) स्थापन केली. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड (१८४३–१९३२) यांनी विद्युत् प्रारंभकाचे काम तिच्याकडे सोपविले. या निर्णयामागे एक घटना सांगितली जाते. डिट्रॉइटजवळील बेल आइल बेटावर बंद पडलेली एका महिलेची गाडी सुरू करून देताना लेलंड यांचे स्नेही व मोटार-निर्माते बायरन कार्टर यांच्या जबड्यावर दांडा आदळला आणि त्यातूनच त्यांचा मृत्यू ओढवला, अशी ही कथा आहे. कार्टर १९०८ साली मरण पावले हे खरे असले, तरी कथेत घटनेचे साल बहुधा १९१० दिले जाते आणि तिच्या तपशिलांत मेळ नाही. त्यामुळे ती आख्यायिका म्हणूनच घेणे योग्य होय. अशा इजा नित्याच्या होत्या म्हणूनच ती सर्वांना पटली, एवढे मात्र तीवरून दिसते.

केटरिंग यांचा प्रारंभक १९११ च्या सुरुवातीस कॅडिलॅक गाडीवर यशस्वी झाला आणि १९१२ च्या नमुन्याच्या गाड्यांवर तो कंपनीनेच बसवून दिला. त्याचे पेटंट केटरिंग यांना १९१५ साली मिळाले. या रचनेत एकच यंत्र प्रथम चलित्र म्हणून प्रचक्राच्या दात्यांद्वारे एंजिन फिरवी व एंजिन सुरू झाल्यावर जनित्र म्हणून घटमाला भारित करी. प्रारंभनासाठी घटमालेचे भाग एकसरी जोडून २४ व्होल्ट दाब मिळविला जाई, तर भारण करताना ते अनेकसरी जोडून ६ व्होल्टवर काम चाले. प्रारंभन, प्रज्वलन व दिवे या तिन्ही गरजा एकाच विद्युत् योजनेने भागविल्या गेल्या. या कामगिरीबद्दल कॅडिलॅक कंपनीला इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबची ड्यूअर ट्रॉफी दुसऱ्यांदा मिळाली.

प्रसार : पुढे चलित्र व जनित्र वेगळे करण्यात आले. व्हिन्सेंट बेंडिक्स यांच्या योजनेत चलित्र फिरू लागताच लहान दंतचक्र मळसूत्रावरून सरकून प्रचक्राच्या दात्यांत अडके व एंजिन सुरू होताच आपोआप मागे फेकले जाई. यामुळे प्रारंभक स्वस्त व सुटसुटीत झाला. फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ गाडीवर १९१९ पासून विद्युत् प्रारंभक मिळू लागला आणि १९२० नंतरच्या दशकात तो बहुतेक गाड्यांवर आला. विजेच्या गाड्यांचा एक मोठा फायदा त्यामुळे संपला आणि त्या मागे पडल्या. सर्वसामान्य स्त्री-पुरुषांना शोफरविना गाडी चालविता येऊ लागली. तरीही अनेक गाड्यांबरोबर दांडा आणखी कित्येक दशके दिला जात होता, कारण नव्या पद्धतीची सारी मदार एका घटमालेवर होती.

प्रारंभनाची घटमाला : मोटारगाडीत वापरल्या जाणाऱ्या शिसे-अम्ल संचायक घटाचा शोध गास्ताँ प्लाँते (१८३४–८९) या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८५९ मध्ये लावला. कामीय फोर (१८४०–९८) यांनी १८८१ मध्ये शिशाच्या पट्ट्यांवर त्याच्या संयुगांचा लेप देण्याची रीत काढल्यावर घटाची धारणक्षमता वाढली व त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन शक्य झाले. भारित घटात धन पट्टी लेड डाय-ऑक्साइडाची, ऋण पट्टी सच्छिद्र शिशाची व विद्युत् विच्छेद्य सौम्य सल्फ्यूरिक अम्लाचा असतो. एका घटाचा दाब सु. २·१ व्होल्ट असून असे सहा घट एकसरी जोडून १२ व्होल्टची म्हणून ओळखली जाणारी घटमाला होते. अमेरिकन गाड्यांत ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्टचा वापर मुख्यतः १९५५ च्या सुमारास रूढ झाला.

प्रारंभनासाठी पेट्रोल एंजिनाला सु. १०० ते ३०० अँपिअर प्रवाह लागतो. एवढा प्रवाह क्षणात देता यावा म्हणून या घटमालेत अनेक पातळ पट्ट्या असतात. प्रवाह मोठा असला, तरी खर्च होणारा विद्युत् भार अल्प असतो. २०० अँपिअर प्रवाह ३ सेकंद वाहिल्यास ४५ अँपिअर-तास क्षमतेच्या घटमालेतील अर्धा टक्काही भार खर्च होत नाही. याउलट ५५ वॉटचे समोरचे दोन दिवे चुकून जळत राहिले, तर सु. ९ अँपिअर प्रवाह सतत वाहून तीच घटमाला पाच तासांत रिकामी होते. घटमाला बहुधा प्रारंभनाने नव्हे, तर विस्मरणाने निकामी होते. थंड देशांत रासायनिक क्रिया मंदावल्याने –१८° से.ला तिची शक्ती निम्म्याहूनही कमी होते. उष्ण प्रदेशांत पाणी उडून जाणे व पट्ट्यांची जाळी झिजणे यांमुळे तिचे आयुष्यच घटते. म्हणून भारतासारख्या देशात घटमाला हिवाळ्यातल्या पहाटेइतकीच उन्हाळ्याच्या अखेरीसही दगा देते.

घटमालेतील धोका : भारण पूर्ण होत आल्यावर अथवा दाब १२ व्होल्टच्या घटमालेस सु. १४·४ व्होल्टच्या वर गेल्यावर पाण्याचे विद्युत् विच्छेदन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू मुक्त होतात. हवेत हायड्रोजनाचे प्रमाण ४ टक्क्यांपासून सु. ७५ टक्क्यांपर्यंत असताना ते मिश्रण पेटू शकते. इतका विस्तृत पल्ला फार थोड्या इंधनवायूंचा आहे. शिवाय घटाच्या आतील पोकळीत हे दोन्ही वायू पाण्यातील प्रमाणातच, म्हणजे स्फोटाला सर्वांत अनुकूल अशा प्रमाणात एकत्र असतात. ते पेटण्यास अतिशय अल्प ऊर्जेची ठिणगी पुरते. स्फोट झाल्यास पेटी फुटून अम्ल व प्लॅस्टिकचे तुकडे उडतात आणि घटमालेवर वाकलेल्या माणसाच्या डोळ्यांना सर्वांत मोठा धोका पोहोचतो. अम्ल डोळ्यांत गेल्यास ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटे डोळे धुवावे लागतात व लगेच वैद्यकीय उपचार घ्यावे लागतात. दांड्याचा धोका डोळ्यांना दिसत होता आणि प्रत्येक चालक त्याला जपून होता; घटमालेचा धोका दिसत नाही, म्हणून तो अधिक फसवा आहे.

दुसऱ्या गाडीच्या घटमालेवर प्रारंभन : घटमाला उतरल्यास पूर्वी दांडा तरी वापरता येत असे किंवा गाडी ढकलून, वेग आल्यावर क्लच सोडून चाकांकरवी एंजिन फिरविता येत असे. पुढे हे दोन्ही मार्ग आखडत गेले. एंजिने आडवी बसविली जाऊ लागली व त्यांचे संपीडन वाढले, तशी दांड्याची सोय गेली. १९४० च्या नमुन्यापासून ओल्ड्समोबिल गाड्यांवर आलेल्या स्वयंचलित दंतचक्र पेटीचा नंतर सर्वत्र प्रसार झाला. अशा आधुनिक पेटीत एंजिन थांबलेले असताना तेलाचा दाबच निर्माण होत नसल्याने गाडी ढकलून एंजिन फिरत नाही. विद्युत् पंप व इलेक्ट्रॉनीय नियंत्रण असलेल्या इंधन-अंतःक्षेपणाला तर ढकलतानाही पुरेसा विद्युत् दाब लागतो. निष्कास-मार्गात उत्प्रेरक असलेल्या गाड्यांत न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकावर जाऊन तो बिघडण्याचाही संभव असतो. परिणामी जाड तारांनी दुसऱ्या गाडीची चांगली घटमाला जोडून एंजिन सुरू करणे, म्हणजे बोलीभाषेत ‘जंप स्टार्ट’, हाच सर्वसामान्य उपाय उरला.

या पद्धतीत दोन्ही घटमाला अनेकसरी जोडल्या जातात, म्हणजे धन अग्र धन अग्राला व ऋण बाजू ऋण बाजूला जोडली जाते. आज प्रचलित असलेल्या गाड्यांत घटमालेचे ऋण अग्र साट्याला (एंजिन व इतर भाग ज्यावर बसविलेले असतात त्या चौकटीला) किंवा धातूच्या कवचाला जोडलेले असते. जोडणीचा मान्य क्रम पुढीलप्रमाणे आहे : (१) लाल तारेचे एक टोक उतरलेल्या घटमालेच्या धन अग्राला, (२) तिचे दुसरे टोक चांगल्या घटमालेच्या धन अग्राला, (३) काळ्या तारेचे एक टोक चांगल्या घटमालेच्या ऋण अग्राला, (४) तिचे दुसरे टोक बंद पडलेल्या गाडीच्या एंजिनावरील, घटमालेपासून दूर असलेल्या, रंग नसलेल्या जाड धातूच्या भागाला.

या क्रमातील प्रत्येक पायरीला कारण आहे. रबरी चाकांमुळे दोन गाड्यांचे सांगाडे एकमेकांपासून विद्युत् दृष्ट्या अलग असतात. त्यामुळे पहिल्या तीन जोडण्यांत मंडल पूर्ण होत नाही व ठिणगी पडत नाही. चौथ्या जोडणीने मंडल पूर्ण होते आणि ठिणगी पडतेच; ती टाळता येत नाही, फक्त तिची जागा निवडता येते. ती जागा घटमालेपासून, म्हणजेच हायड्रोजनापासून दूर असावी म्हणून शेवटचे टोक घटमालेच्या ऋण अग्राला न लावता एंजिनाला लावतात. दोन्ही गाड्या एकमेकींना टेकता कामा नयेत हा नियमही यातूनच येतो. त्या टेकल्यास सांगाड्यांमार्फत मंडल आधीच पूर्ण होते व ठिणगी नको त्या ठिकाणी, घटमालेच्या अग्रावर पडते. ऋण बाजू आधी जोडली, तर धन तारेचे मोकळे टोक कोठेही धातूला लागताच मंडलसंक्षेप होईल, म्हणून धन बाजू प्रथम जोडतात. जुन्या काही ब्रिटिश गाड्यांत धन अग्र साट्याला जोडलेले असे; तेथे क्रम पाठ म्हणून न वापरता त्याचे तत्त्व समजूनच वापरावा लागतो.

जोडणीपूर्वी दोन्ही घटमालांचा दाब सारखा असल्याची खात्री करावी. २४ व्होल्टच्या मालमोटारीवरून १२ व्होल्टची गाडी सुरू करू नये. दोन्ही एंजिने बंद, दंतचक्रे तटस्थ स्थितीत, हातरोधक लावलेला आणि दिवे व इतर उपकरणे बंद असावीत. पेटी तडकली असल्यास किंवा विद्युत् विच्छेद्य गोठला असल्यास जोडणी मुळीच करू नये. पूर्ण भारित घटमालेतील अम्ल –५०° से.लाही गोठत नाही. पण उतरलेल्या घटमालेत ते पाण्याच्या जवळ जात असल्याने सु. –१०° से.च्या आसपासच गोठते, आणि बर्फाने अडलेले वायू पेटी फोडू शकतात. आगकाडी, सिगारेट जवळ आणू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. जोडणी झाल्यावर चांगल्या गाडीचे एंजिन काही मिनिटे चालवितात, म्हणजे उतरलेली घटमाला थोडी भारित होते; मग दुसरी गाडी एका वेळी काही सेकंदच फिरवून पाहतात व मध्ये विश्रांती देतात. एंजिन सुरू झाल्यावर तारा नेमक्या उलट क्रमाने, म्हणजे एंजिनावरील काळे टोक प्रथम, काढतात.

अग्रांची अदलाबदल ही सर्वांत घातक चूक होय. तीमुळे दोन घटमाला एकसरी होऊन सु. २४ व्होल्ट दाब केवळ तारांच्या अल्प रोधावर पडतो व प्रचंड प्रवाह वाहतो. तारा वितळतात, घटमाला फुटू शकते. जुन्या जनित्रांच्या गाड्यांत नुकसान मर्यादित राही. परंतु १९६० च्या प्लिमथ व्हॅलियंट गाडीपासून प्रत्यावर्तकाचा (प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करणाऱ्या जनित्राचा) प्रसार झाल्यावर त्यातील अर्धसंवाहक एकदिशकारक अशा चुकीने क्षणात जळू लागले. पुढे गाडीत संगणकीय नियंत्रक आल्यावर चुकीची किंमत आणखी वाढली.

तारांची जाडी हाही सुरक्षेचाच भाग आहे. ३ मी. लांबीच्या दोन तांब्याच्या तारांतून २०० अँपिअर प्रवाह जाताना तारेचे छेदक्षेत्र २५ चौ. मिमी. असल्यास सु. ०·८ व्होल्ट, १६ चौ. मिमी. असल्यास सु. १·३ व्होल्ट, तर ६ चौ. मिमी. असल्यास सु. ३·४ व्होल्ट दाब तारांतच खर्च होतो. शेवटच्या प्रकारात एंजिन सुरू होत नाही. तार मात्र तापून तिचे वेष्टन वितळू लागते. यास्तव अशा तारांसाठी अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने व जर्मनीतील मानक संस्थेने मानके ठरविली आहेत. जर्मन मानकात एंजिनाच्या आकारमानानुसार १६, २५ व ३५ चौ. मिमी. असे तीन वर्ग आहेत.

भारत : वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ साली पहिली गाडी बाहेर पडली. या कंपनीच्या फियाट व पुढे पद्मिनी या गाड्या आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर यांवर भारतीय चालकांच्या पिढ्या तयार झाल्या. अँबॅसडर गाडीत पुढून दांडा घालण्याची सोय होती आणि ‘हँडल मारणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच रूढ झाला. प्रारंभकाला मराठी बोलीत नुसते ‘सेल्फ’ म्हणतात. गाडी ढकलण्यास रस्त्यावर माणसांची वाण नसल्याने ‘धक्का स्टार्ट’ हाच येथे दीर्घकाळ हमखास उपाय होता. त्यामुळे जोडतारांचे ज्ञान येथे मुख्यतः गॅरेजपुरते मर्यादित राहिले. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी व अँबॅसडरचे २०१४ मध्ये थांबले. ढकलून सुरू न होणाऱ्या गाड्यांची संख्या वाढत गेली आणि सामान्य गाडीमालकावर प्रथमच स्वतः तारा जोडण्याची वेळ आली. गॅरेजमधील कारागिराला सवयीने ठाऊक असलेली गोष्ट आता प्रत्येक चालकाला नियम म्हणून शिकावी लागते.

अलीकडील प्रगती : पाणी घालावे न लागणाऱ्या, शिसे-कॅल्शियम मिश्रधातूच्या जाळीच्या घटमालांचा वापर १९७० नंतर वाढला. त्यांतून वायू कमी सुटतो, पण मुळीच सुटत नाही असे नाही. म्हणून वरील क्रम त्यांनाही लागू पडतो. घटमाला आसनाखाली किंवा मागील सामानाच्या कप्प्यात असणाऱ्या गाड्यांत पुढील बाजूस जोडणीसाठी स्वतंत्र अग्रे दिलेली असतात व तीच वापरावी लागतात. लिथियम घटांची, हातात मावेल अशी प्रारंभन-साधने आता उपलब्ध आहेत. त्यांपैकी पुष्कळांत उलट जोडणी ओळखून प्रवाह रोखणारी योजना असते. संमिश्र व पूर्ण विजेच्या गाड्यांतही दिवे, संगणक इत्यादींसाठी १२ व्होल्टची साहाय्यक घटमाला असतेच व ती उतरल्यास गाडी जागची हलत नाही. अशा गाडीला वीज कशी द्यावी हे उत्पादकाच्या पुस्तिकेनुसारच ठरवावे लागते, आणि तिच्यावरून दुसरी गाडी सुरू करण्यास बहुधा मनाई असते. मुख्य घटमालेचा दाब शेकडो व्होल्ट असल्याने तिला हात लावणे प्राणघातक ठरू शकते.

उसन्या विजेवर एंजिन सुरू झाल्याने मूळ दोष दूर होत नाही. पूर्ण उतरलेली घटमाला थोडा वेळ गाडी चालवून पूर्ववत होत नसल्याने ती भारण-यंत्रावर सावकाश भारित करणे, तिची व प्रत्यावर्तकाची तपासणी करून घेणे आवश्यक असते. दांड्याच्या काळात अंगठा कोठे ठेवावा एवढ्या एका गोष्टीवर मनगट अवलंबून असे. आज चौथे टोक कोठे लावावे यावर डोळे अवलंबून असतात.